गाऊटचं ‘नॅनो इंजेक्शन’ आलंय म्हणे!

प्रभादेवीत सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींपासून केमिस्टच्या काउंटरपर्यंत एकच गोष्ट ऐकतोय : ‘गाऊटवर नॅनोचं इंजेक्शन आलंय. सांध्यात मारलं की खडे गायब. मग गोळ्या कशाला?’ शेवटचं वाक्य घातक. कारण गाऊट म्हणजे सांध्यात साचलेले युरिक ॲसिडचे खडे, आणि ते वाक्य ऐकून लोक खरोखरच युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉलची गोळी सोडून वाट बघत बसतात.

या इंजेक्शनच्या गोष्टीमागचं एन्झाइम मात्र खरं आहे. त्याचं नाव युरिकेज. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते असतं, आपल्या पूर्वजांनी उत्क्रांतीत ते गमावलं. युरिक ॲसिडचं ते ॲलन्टॉइन करतं आणि ॲलन्टॉइन लघवीवाटे सहज निघून जातं. नाक्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही बहुधा हेच एन्झाइम आहे. युरिक ॲसिड फोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, त्याने नळीतला द्रव रंगतो. रंग जितका गडद, तितका रिपोर्टमधला आकडा मोठा.

नळीत उपयोगी पडणारं हे पेरॉक्साइड शरीरात मात्र नको असतं. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. आपल्याकडे पारशी समाजात ही कमतरता जास्त दिसते, म्हणजे दादर पारशी कॉलनीतल्यांनी तर तपासणीशिवाय युरिकेज घेऊच नये. दुसरी अडचण प्रतिकारशक्तीची. पेग्लोटिकेज या युरिकेजच्या औषधाला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात, सांध्यात नव्हे. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली आलेल्या चाचण्यांत ते सुमारे ४२ टक्के रुग्णांतच टिकून लागू पडलं, बाकीच्यांत बहुधा शरीरानेच प्रतिपिंडं तयार करून त्याला हुसकावलं.

नॅनोकण हवेत ते यासाठी. एकाच कणावर युरिकेज आणि पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज शेजारीशेजारी बसवायचं, वर आवरण घालून प्रतिकारशक्तीला चकवायचं. कल्पना झकास आहे. पण हे काम मुख्यतः परीक्षानळीत आणि उंदरांवर चाललंय. एन्झाइम चिकटवलेल्या नॅनोकणांचं गाऊटचं इंजेक्शन बाजारात नाही. नाही म्हणजे नाही!

आणि खडे ‘गायब’ होत नाहीत. युरिकेज फोडतं ते विरघळलेलं युरिक ॲसिड. रक्तातली पातळी ६ मिलिग्रॅमच्या खाली राहिली की खडे हळूहळू झिजतात. त्याला महिने, कधी वर्षंही लागतात. पातळी खाली ठेवण्याचं हेच काम तुमची ती ‘जुनाट’ गोळी करते, काही रुपयांत.

‘पण परळला टाटा हॉस्पिटलात देतात ना?’ देतात ते रास्बुरिकेज, तेही एक युरिकेजच. कॅन्सरच्या पेशी एकदम मरून युरिक ॲसिड उसळतं, तेव्हासाठीचं. ते इतकं चिवट की तपासणीसाठी काढलेलं रक्त बर्फात ठेवून लॅबला पाठवावं लागतं, नाहीतर नळीतही त्याचं काम चालूच राहतं आणि रिपोर्ट खोटा येतो.

बाकीचं थोडक्यात. टोमॅटो-पालक सोडून काही साधत नाही : ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधल्या २००४ च्या अभ्यासात ४७ हजारांवर पुरुषांना १२ वर्षं पाहिलं, धोका वाढला मांस-मासळीने, भाज्यांनी नव्हे. तेव्हा हात आखडायचा तो तारली, मांदेलीवर आणि बिअरवर. ‘नॅनो’ म्हणून सुवर्णभस्म घ्याल, तर ते म्हणजे संशोधनातले सोन्याचे नॅनोकण नव्हेत. युरिक ॲसिड वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होत नाही. आणि वयस्कांच्या गुडघ्यात पुष्कळदा खडे असतात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. युरिकेज त्यांना शिवतही नाही. म्हणून आधी सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.