ट्रंकेतला चाकू

‘तुमचा छंद कोणता?’ या प्रश्नाला भरतकाम, वाचन, बागकाम असं उत्तर आलं की समोरची बाई कौतुकाने मान डोलावते. मी ‘जुने लष्करी चाकू जमवते’ म्हटलं की आधी शांतता पसरते आणि मग हसू फुटतं. शेजारच्या काकूंनी तर थेट विचारलं, “अगं, घरात विळी आहे, सुरी आहे, आणखी कशाला?” मैत्रिणींनो, माझ्याकडे आजमितीला अकरा चाकू आहेत आणि त्यातल्या एकानेही मी कांदा चिरत नाही!

पहिला चाकू घरातलाच. माझे आजेसासरे मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. जुनं घर उतरवलं तेव्हा त्यांच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाशी हा घडीचा चाकू निघाला. गंजून लाल, पातं उघडेना. दीर म्हणाले, “भंगारात जाऊ दे.” सासूबाई मात्र पटकन बोलल्या, “नको गं, मामंजी यानेच आंबा कापून द्यायचे.” मग तो माझ्याकडे आला.

तेल पाजून दोन दिवसांनी तो उघडला. एक रुंद पातं, एक डबा फोडायची अणी आणि पाठीला दाभणासारखा जाड सळा. तंबूच्या दोरांच्या गाठी सोडवायला हा सळा लागे. कडीत दोरी ओवून चाकू अंगाला बांधून ठेवत. पात्याच्या मुळाशी बाणाची खूण होती. ती ब्रिटिश सरकारी मालाची. शेजारी ‘शेफील्ड’ आणि साल १९४३. बाणाखाली इंग्रजी ‘आय’ अक्षर असेल तर तो माल हिंदुस्थानी लष्करी खात्याचा समजायचा.

त्या युद्धात सुमारे २५ लाख हिंदी सैनिक होते. इटलीत १० जुलै १९४४ रोजी माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनवर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांचा मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने स्वीकारला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं. त्यांनाही तोच सन्मान मिळाला. ही नावं पुस्तकात आहेत. आमच्या आजेसासूबाईंचं नाव कुठेच नाही. त्यांनी ती वर्षं पत्रांची वाट बघत काढली. आणि आलेलं पत्र वाचून घ्यायलासुद्धा मास्तरांच्या दारात उभं राहावं लागे, असं सासूबाई सांगतात.

पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात मला गुरख्यांची कुकरी मिळाली. तिच्या म्यानात दोन पिटुकली पाती असतात. कर्दा हा बारीकसारीक कापायला, आणि बोथट असते ती चकमक, आपल्याच शब्दातली. कुकरीने लाकूड फोडतात, भाजी चिरतात आणि वेळ पडली तर लढतातही. याउलट १९४१ पासून ब्रिटिश कमांडोंना दिलेला फेअरबर्न-साइक्स खंजीर. दुधारी, निमुळता, फक्त माणूस मारायला घडवलेला. एकाने तो विकायला आणला होता. हातात घेतला, बघितला आणि परत दिला. आंबा कापलेला चाकू मला घरात चालतो, हा नाही.

असा चाकू सापडला तर काय करायचं? सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवा. जबरदस्ती करू नका, पातं तुटतं. लाल गंज तेलाच्या फडक्याने आणि बांबूच्या काडीने हळूहळू सुटतो. काळपट-करडा थर मात्र राहू द्या, तो लोखंडाला जपतो. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू यांना हात लावू नका. पितळी तांब्यासारखा लख्ख करायला जाल तर साल आणि बाणाची खूणच पुसली जाईल! शेवटी तेलाचा पुसट हात देऊन कोरड्या सुती कापडात गुंडाळा. कातडी म्यानात घालून ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि पुन्हा गंज चढतो.

विकत घेणार असाल तर जपून. नव्या पात्यावर जुने ठसे मारून विकणारे बरेच आहेत. आणि नऊ इंचांपेक्षा लांब पात्यांना, तसंच संगिनींना शस्त्र कायद्याचे नियम लागू होऊ शकतात. आधी पोलीस ठाण्यात चौकशी केलेली बरी.

आपल्याकडे साताऱ्यापासून कोकणापर्यंत कितीतरी घरांतून माणसं फौजेत गेली. त्यांच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत. त्या भंगारात द्यायच्या आधी तळापर्यंत हात घाला. काही हाती लागलं तर लगेच घासायला बसू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दाखवा आणि ती सांगेल ते वहीत लिहून घ्या. गंज काय, पुढच्या वर्षी काढला तरी चालतो.