पौर्णिमेच्या रात्री पात्र कुणाचे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात जग, राक्षस आणि ऋतुमान हे सारे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या हाती असते. पात्र मात्र खेळाडूचे. ते काय बोलेल, कुणावर तलवार उपसेल, हे दुसऱ्या कुणी ठरवायचे नसते. या वाटणीला पहिल्यापासून अपवाद ठरला तो वेअरवुल्फचा चावा. चावा बसलेले पात्र पौर्णिमेला लांडगा होते आणि सोबत्यांनाही ओळखत नाही. मग त्या रात्री त्याचे फासे टाकायचे कुणी? गेल्या पन्नास वर्षांत छापील नियमांनी याची निरनिराळी उत्तरे दिली. जिथे ती अपुरी पडली तिथे ज्याच्या-त्याच्या टेबलावर घरगुती नियम तयार झाले.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974च्या मूळ संचात हा सगळा मामला एका आजारासारखा उरकलेला आहे. अशा प्राण्याने पात्राला जबर, म्हणजे साधारण निम्मे बळ जाईल इतके जखमी केले, तर 2 ते 24 दिवसांत तेही तसलेच बनते. त्याआधी धर्मगुरूने रोगनिवारक मंत्र टाकला तर सुटका. रूप पालटल्यावर पात्राने कसे वागावे, याबद्दल फारसे काही नाही. बाकीचे ज्या त्या डंजन मास्टरवर सोडलेले होते. 1979च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये या शापाला स्वतंत्र जागा मिळाली, पण त्याच ग्रंथात गायगॅक्स यांनी राक्षसाला खेळाडूचे पात्र करण्याच्या कल्पनेला नाके मुरडली आहेत. त्या काळची एकूण धारणा सरळ होती: पात्र लांडगा झाले की त्याचा कागद डंजन मास्टरने घ्यायचा आणि खेळाडूने उतारा सापडेपर्यंत बघत बसायचे.

या धारणेला धक्का बसला तो बाहेरून. 1981 साली सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ थुलू' या भयखेळाने पात्राचे मानसिक संतुलन आकड्यात मोजायला सुरुवात केली. भीषण काही दिसले की फासा टाकायचा, चुकला की आकडा उतरतो. ताबा सुटणे ही एका रात्रीत कोसळणारी गोष्ट न राहता टप्प्याटप्प्याने जवळ येऊ लागली. खेळाडूलाही ती येताना दिसू लागली.

1992 साली व्हाइट वुल्फ कंपनीचा 'वेअरवुल्फ: द अपोकॅलिप्स' आला आणि गणितच उलटे झाले. इथे टेबलावरचे सगळेच वेअरवुल्फ. प्रत्येकाकडे 'रेज' नावाचा आकडा असतो. तो खर्च केला की लढाईत जादा हालचाली मिळतात. पण चिथावणी मिळाली की तितकेच दहा बाजूंचे फासे टाकावे लागतात, आणि चार किंवा अधिक फासे यशस्वी पडले तर पात्र बेभान होते. बेभान पात्र समोर येईल त्याला फाडते, आपल्या टोळीतल्या माणसालाही. ज्याच्या जोरावर जिंकायचे त्याच्यामुळेच घात होतो, ही या नियमाची खरी करामत. याच वर्षी डंजन्स अँड ड्रॅगन्सनेही 'नाइट हाउलर्स' हे पुस्तक काढून रूपबदलू पात्रे खेळाडूंसाठी खुली केली.

2000 साली आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीने, आणि 2003च्या तिच्या सुधारित रूपाने, हा प्रश्न कौशल्याच्या खात्यात टाकला. 'कंट्रोल शेप' नावाचे कौशल्य आले. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात शहाणपणाचा आकडा आणि शिकलेले गुण मिळवायचे. बेरीज 25 झाली तरच रूपांतर टळते. ही कसोटी पौर्णिमेच्या रात्री चंद्रोदयाला तर द्यायचीच, शिवाय लढाईत एकूण बळाचा एक-चतुर्थांश गेला की पुन्हा द्यायची. म्हणजे 40 हिट पॉइंट्सच्या योद्ध्याला दर 10 पॉइंट्सच्या जखमेगणिक. आता हिशेब मांडून पाहावा. शहाणपणाचा अधिक एक असलेल्या, कौशल्य न शिकलेल्या योद्ध्याला फाशावर 20 पडले तरी बेरीज 21 होते. कौशल्याच्या कसोटीत 20 पडले म्हणून आपोआप यश मिळत नाही. चार गुण खर्चून तो थोडाफार शिकला तरी विसात एकदाच निभावतो. गंमत अशी की हे कौशल्य शिकायला आधी शापाची जाणीव व्हावी लागते. ती बहुधा पहिल्या रक्तपातानंतरच होणार.

नियम कागदावर नीटनेटका, टेबलावर निर्दयी. त्यामुळे इथे घरगुती दुरुस्त्या झाल्या. कुणी 25चा आकडा खाली आणून दर अपयशानंतर चढवत नेला. कुणी साखळदंड, कोंडलेली खोली, सोबत्याने नावाने मारलेली हाक यांना फाशावर अधिकचे गुण दिले. काही टेबलांवर लांडग्याचे फासे खेळाडूच टाकतो. डंजन मास्टर फक्त 'सर्वांत जवळचा जखमी माणूस' असे लक्ष्य सांगतो. ही तिसरी तऱ्हा सर्वांत टिकाऊ म्हणावी लागेल, कारण तिच्यात कुणी रिकामे बसत नाही.

2012चा एव्हरी अल्डर यांचा 'मॉन्स्टरहार्ट्स' हा खेळ याच दिशेने आणखी पुढे गेला. त्यात 'डार्केस्ट सेल्फ' ही अवस्था आली की वेअरवुल्फ कसा वागतो हे लिहिलेले असते, पण वागवायचे खेळाडूनेच. सुटकेची अटही आधीच ठरलेली: मनापासून जवळच्या माणसाला जखमी केले किंवा सूर्य उगवला की ती अवस्था संपते. शेवट ठाऊक असल्याने खेळाडू बेभानपणा हात राखून खेळत नाही. पुढच्याच वर्षी जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचे 'एक्स-कार्ड' आले. नकोसा प्रसंग कार्ड दाखवून थांबवण्याची सोय झाल्यामुळे, सोबत्यावर हल्ला चालेल का हे खेळाआधीच विचारून घेण्याची सवयही रुळत गेली.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची 2014ची पाचवी आवृत्ती मात्र मधल्या वाटेने गेली. शापाला विरोध करणारा एरवी आपलाच राहतो, पौर्णिमेला मात्र त्याचा इलाज चालत नाही. शाप मनोमन स्वीकारणाऱ्याला डंजन मास्टर हवे तर ताब्यात घेऊ शकतो. शापित पात्र खेळाडूच्याच हाती ठेवणाऱ्या नियमाची पोकळी मॅथ्यू मर्सर यांच्या 'ब्लड हंटर' या वर्गाने भरली. मूळ पुस्तकांबाहेरचा हा वर्ग असंख्य टेबलांवर पोहोचला. त्यातल्या लायकन पंथाच्या पात्राने रूप पालटलेले असताना निम्म्याखाली बळ आले की प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला केवळ 8चा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा; चुकला तर जवळच्या कुणावरही झडप. धोका खरा, पण रोजचा नाही. 25च्या तुलनेत 8 हा आकडाच बदललेली अभिरुची सांगतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच फेब्रुवारी 2025च्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये वेअरवुल्फच्या चाव्याने शापित झालेले पात्र शून्य हिट पॉइंट्सवर आले की मरणोन्मुख होत नाही. ते 10 हिट पॉइंट्सचा वेअरवुल्फ होऊन उठते आणि त्याचा ताबा थेट डंजन मास्टरकडे जातो.