उत्सव मुलांचा, मग ठरवायचा कुणी?

ब्रिटनमध्ये ज्यांना ‘यंग केअरर’ म्हणतात, ती मुलं घरातल्या आजारी, अपंग किंवा व्यसनात अडकलेल्या माणसाचा सांभाळ करत असतात. आईच्या गोळ्यांच्या वेळा पाळणं, तिला उठवून बसवणं, धाकट्या भावंडांचा डबा भरणं, वडिलांचं मानसिक दुखणं उफाळलं की घर सावरून धरणं, अशी ही कामं. २०२१च्या जनगणनेत एकट्या इंग्लंडमध्ये ५ ते १७ वयाची अशी सुमारे १,२०,००० मुलं नोंदली गेली. शाळांच्या गणनेत हा प्रश्न २०२३ साली पहिल्यांदा आला, तेव्हा मात्र आकडा ३९,०००च्या आसपासच निघाला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत हे धरूनही ही तफावत मोठी आहे. ज्या शिक्षकांसमोर ही मुलं रोज बसतात, त्यांच्याही ती लक्षात येत नाहीत. मुलंही आपण होऊन सांगत नाहीत. वर्गात चिडवतील ही एक भीती, आणि सरकारी माणसं येऊन आपल्याला घरापासून तोडतील ही त्याहून मोठी.

अशा मुलांसाठी तिथे मेळावे आणि उत्सव भरतात. धर्मादाय संस्था ते भरवतात, तसे सामाजिक उद्योगही भरवू शकतात, म्हणजे व्यवसायातला नफा मालकाच्या खिशात न घालता समाजाच्या कामात परत लावणारे उद्योग. २००५पासून ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी कंपनीचा वेगळा प्रकारच उपलब्ध आहे. हेतू चांगला असतो यात शंका नाही. तरीही मोठ्यांनी मुलांसाठी आखलेला उत्सव आणि मुलांना बरोबरीने बसवून आखलेला उत्सव यांत मूलभूत फरक आहे, आणि या मुलांना खरी गरज दुसऱ्याची आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. त्यांतली एक ‘सजावट’. कार्यक्रमाचे टी-शर्ट घालून मुलं नाचतात, गातात. पण तो कशासाठी आहे आणि त्यात आपलं म्हणणं कुठे आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. उत्सवात ही चूक फार सहज होते, कारण मुलं हसताना दिसली की आयोजकांना काम झालंसं वाटतं.

या मुलांच्या वाट्याला जबाबदारी पुरेशी आली आहे. आला नाही तो स्वतःच्या वेळेवरचा हक्क. त्यांचा दिवस दुसऱ्याच्या दुखण्याप्रमाणे ठरतो. त्यात ‘शनिवारी दहा वाजता या, मजा करा’ असं सांगणं म्हणजे आणखी एकाने त्यांचा वेळ ठरवणं. आपण नसताना आईजवळ कोण बसेल, हा प्रश्न सुटला नाही तर मूल येणारच नाही. फोन बाहेर ठेवायला लावला, तर आलेलं मूलही दिवसभर अस्वस्थ राहील. एखादीला घरच्यांना सोबत आणायचं असेल, तर दुसरीला काही तास घराचा विषयही नको असेल. मंचावर बोलावून केलेला सत्कार एकाला आवडेल; दुसऱ्याच्या घरची गोष्ट त्यामुळे गावभर होईल. यातलं काय खरं हे मोठ्यांना अंदाजाने कळत नाही, ते विचारावंच लागतं, आणि तेही जागा, तारीख आणि खर्च ठरण्यापूर्वी.

मुलांना विचारल्याने काय घडतं, याची उदाहरणं आहेत. हॅम्पशरमधल्या फेअरथॉर्न मॅनर इथे वायएमसीए आणि ‘द चिल्ड्रन्स सोसायटी’ यांनी २००० सालापासून यंग केअरर्सचा उत्सव भरवला. तंबूतला मुक्काम, गाणी, खेळ यांच्याबरोबरच मुलांना शाळा, दवाखाना, सरकार यांच्याकडून काय हवं, हे ऐकून घेण्याची सोय तिथे केली गेली. करमणूक आणि मागणी एकाच मैदानावर आली. स्कॉटलंडच्या सरकारने २०१९मध्ये १६ ते १८ वर्षांच्या यंग केअरर्ससाठी वार्षिक अनुदान सुरू केलं, सुरुवातीला ३०० पौंडांचं. ते घडवताना अशा तरुणांचं म्हणणं घेतलं होतं. आठवड्याला सरासरी १६ तास सांभाळ करणाऱ्याला ते मिळतं, आणि पैसे कशावर खर्च करायचे हे त्यानेच ठरवायचं असतं. म्हणजे निर्णय त्यांच्या हाती सोपवण्याचं तत्त्व सरकारलाही पेलतं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. मुलांवर हे ओझं पडणं हाच अन्याय असेल, तर त्याचा उत्सव कसला? लोइस कीथ आणि जेनी मॉरिस यांनी १९९५ साली अपंगांच्या हक्कांच्या बाजूने हाच मुद्दा आणखी पुढे नेला होता. मुलांचं असं कौतुक झालं, की अपंग आईबाप नालायक ठरतात, आणि त्यांना मिळायला हवी ती मदत मिळत नाही हे मूळ दुखणं झाकलं जातं. हे म्हणणं खरं आहे. इंग्लंडमधल्या २०१४च्या कायद्यांनी याची दखलही घेतली. मुलाच्या गरजा तपासणं स्थानिक प्रशासनाला बंधनकारक झालं आणि आजारी माणसाला मिळणारी मदतही त्यासोबत पाहिली जाऊ लागली. पण या आक्षेपातून उत्सव बंद करावा असं निघत नाही. त्याचा विषय बदलावा असं निघतं. त्यागाचा गौरव करू नये, मुलांचं मूलपण साजरं करावं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमाने खेळ आणि विश्रांती हा हक्क मानला आहे, आणि १२व्या कलमाने मुलाचं मत ऐकणं हे मोठ्यांचं कर्तव्य.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आधीच दमलेल्या मुलांना बैठकांना बसवून नवं काम कशाला द्यायचं? उत्तर कामाच्या वाटणीत आहे. काय हवं आणि काय नको हे मुलांनी ठरवावं. मंडप, परवानग्या, हिशेब, धावपळ मोठ्यांनी करावी. बैठका छोट्या असाव्यात, मुलांच्या सोयीच्या वेळी असाव्यात, त्यांच्या वेळेचा मोबदला मिळावा, आणि नकोसं वाटलं तर मधूनच बाजूला होता यावं. सामाजिक उद्योगाला व्यवहार कळतो, म्हणून त्याला हे जमायला हवं. सल्लागाराला मानधन देणाऱ्याने मुलांचा सल्ला फुकट का घ्यावा?

भारतानेही ही बालहक्क संहिता १९९२ साली स्वीकारली आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईची उस्तवार करणारी मुलगी महाराष्ट्रातही आहे. तिला आपण गुणी म्हणतो आणि तिथेच थांबतो. तिच्यासाठी कुणी काही करायचं ठरवलं, तर त्या आयोजकाला दोन प्रश्न विचारावेत. मुलांच्या सांगण्यावरून तुम्ही आपल्या बेतातलं काय बदललंत? आणि उत्सव संपल्यावर त्यांच्या मागण्या कुणाकडे घेऊन गेलात? दोन्हींना ठोस उत्तर असेल, तरच तो उत्सव मुलांचा. नसेल, तर तो आयोजकांनी स्वतःसाठी केलेला कार्यक्रम होय.