मळलेले पाणी जाते कुठे?

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये एका सफाईयंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले. ते यंत्र हवेचा झोत सोडून धूळ उडवत असे. उडालेली धूळ पेटीत जाईल अशी अपेक्षा होती, पण बरीचशी पुन्हा खालीच बसे. बूथ यांना प्रश्न पडला, की हवा फुंकण्याऐवजी ओढली तर? त्यांनी खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोराने श्वास आत घेतला आणि रुमाल उलटून पाहिला. खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला होता. १९०१ साली त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यांचे पहिले यंत्र एवढे मोठे होते, की ते घोडागाडीवरून इमारतीपाशी न्यावे लागे आणि त्याच्या नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले.

बूथ यांनी त्या रुमालावर जे पाहिले तेच सफाईयंत्रांच्या साऱ्या रचनेचे मूळ आहे. मळ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकवला म्हणजे सफाई होत नाही. तो उचलून बाहेर न्यावा लागतो. रेल्वेस्थानके, रुग्णालये, विमानतळ, कारखाने यांच्या फरशा साफ करणाऱ्या यंत्रांत आजवर झालेल्या सुधारणा एकेक करून तपासल्या, तर त्यांतल्या टिकाऊ ठरलेल्या बहुतेक सुधारणा याच एका कसोटीला उतरलेल्या दिसतात. आणि जिथे यंत्रे आजही कमी पडतात, तिथे उचललेल्या मळाचे पुढे काय होते आणि ते कोणाच्या हाताने होते, याचा विचार अर्धवट राहिलेला असतो.

बादली आणि पोछा

बादलीतल्या पाण्यात पोछा बुडवून लादी पुसताना पहिल्या काही फेऱ्या चांगल्या होतात. मग पोछ्यातला मळ बादलीत आणि बादलीतला मळ लादीवर असा प्रवास सुरू होतो. पाणी बदलले नाही, तर शेवटच्या खोलीत पहिल्या खोलीची घाण पसरते.

त्यात पाण्याचा हिशेब बघा. पुसून झाल्यावर लादीवर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर उरला असे धरू. डोळ्यांना तो नुसता ओलावा वाटतो. पण एक चौरस मीटरवर त्याचे १०० मिलिलिटर पाणी होते आणि हजार चौरस मीटरच्या फलाटावर १०० लिटर. हे पाणी हवेत उडून जाते. त्यात विरघळलेला साबण आणि तरंगणारी माती मात्र लादीवरच सुकते. साबणाच्या त्या पातळ चिकट थरावर पुढच्या दिवसाची धूळ अधिक घट्ट बसते. तोवर ओल्या लादीवरून माणसे चालत असतात ते वेगळेच. पाय घसरण्याचा धोका मोजण्यासाठी ब्रिटनमध्ये लंबकाची चाचणी वापरतात. रबराची पट्टी लावलेला लंबक फरशीवर घासून जातो आणि त्याचा किती अडथळा झाला यावरून आकडा मिळतो. ३६ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. गुळगुळीत फरशी कोरडी असताना हा आकडा सहज ओलांडते आणि ओली झाली की खाली येते. म्हणून लादी किती लवकर कोरडी होते, हा प्रश्न सुरक्षेचाही आहे.

याचे उत्तर म्हणून स्क्रबर-ड्रायर हे यंत्र घडत गेले. त्यात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक मळलेल्या पाण्याची. पुढे ब्रश लादी घासतो, मागे रबरी पट्ट्यांची स्क्विजी पाणी गोळा करते आणि सक्शन मोटर ते वर ओढून दुसऱ्या टाकीत टाकते. दोन्ही पाण्यांची पुन्हा भेटच होत नाही. या रचनेचे सगळे महत्त्व या साध्या विभागणीत आहे.

घासणे: मधल्या भागाची अडचण

हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये सफाईचा एक सोपा हिशेब मांडला. रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ हे सफाईचे चार वाटेकरी आहेत. एकाचा वाटा कमी केला, तर तो इतरांनी भरून काढावा लागतो. या व्यवसायात आजही हे सिनरचे वर्तुळ शिकवले जाते.

आपल्याकडच्या फरशांना हा हिशेब विशेष लागू पडतो. कर्नाटकातल्या शहाबादची फरशी आणि राजस्थानातला कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांच्यावर ॲसिड टाकले, की डागाबरोबर दगडही विरघळतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढचा डाग आणखी खोल मुरतो. पान-गुटख्याच्या डागांवर ॲसिड मारून खराब झालेल्या शहाबादी लाद्या जुन्या इमारतींच्या जिन्यांवर कितीतरी ठिकाणी दिसतात. अशा दगडावर रसायनाचा वाटा वाढवता येत नाही, वर्दळीच्या जागी वेळही फार देता येत नाही. उरते घर्षण, म्हणजे यंत्राची रचना.

गोल ब्रशच्या घर्षणात एक जन्मजात उणीव आहे. अर्धा मीटर व्यासाचा ब्रश मिनिटाला १५० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर असतो. मध्याकडे जावे तसा तो घटत जातो आणि बरोबर मध्यावर शून्य होतो. म्हणजे एकच ब्रश कडेला जोराने घासतो आणि मध्ये जवळजवळ नाहीच. शिवाय एका ब्रशच्या यंत्राला फिरण्याची प्रतिक्रिया हँडलवर सोसावी लागते. हँडल किंचित खाली केले की यंत्र एका बाजूला सरकते, उचलले की दुसऱ्या बाजूला. अनुभवी कामगार याच गुणाचा उपयोग करून ते डौलात चालवतो, नवख्याला मात्र ते भिंतीवर नेऊन आदळते. दोन ब्रश शेजारी-शेजारी उलट दिशांनी फिरवले, की त्यांचे पीळ एकमेकांना रद्द करतात आणि यंत्र सरळ चालते. ही सुधारणा जुनी असली तरी कामगाराच्या खांद्यांवरचा मोठा भार तिनेच उतरवला.

दुसरा मार्ग आडव्या दंडगोल ब्रशचा. त्याच्या पूर्ण रुंदीवर वेग सारखाच असतो आणि तो लादीला अरुंद पट्टीत टेकतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात दाब जास्त मिळतो. त्याचे केस लाद्यांमधल्या सांध्यांत शिरतात आणि बारीक खडे, कागदाचे कपटे मागच्या पेटीत उडवतात. सांधे खोल आणि लाद्या वरखाली असलेल्या जागी तो गोल ब्रशपेक्षा सरस ठरतो.

तिसरा मार्ग आयताकृती पॅडचा. हे पॅड गरगर फिरत नाही. काही मिलिमीटरच्या लहान वर्तुळात मिनिटाला दोन हजारांहून अधिक वेळा हलते. पॅडचा प्रत्येक बिंदू सारखीच हालचाल करतो, म्हणून मध्यभाग निकामी राहत नाही आणि चौकोनी कडा कोपऱ्यापर्यंत पोचते. पाणी कमी उडते, त्यामुळे कमी पाण्यात काम होते. मात्र ही थरथर हँडलपर्यंत पोचू न देणे ही इथली खरी अभियांत्रिकी आहे. हाताला बसणाऱ्या कंपनासाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये आठ तासांच्या कामाची मर्यादा ठरवली. सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडली, की मालकाला उपाय करावेच लागतात आणि ५ च्या पुढे काम करू देता येत नाही. रबरी आधारांवर ब्रशचा भाग वेगळा टांगणे हा त्यावरचा नेहमीचा इलाज आहे.

स्क्विजी: यंत्राची खरी परीक्षा

यंत्र पाहायला आलेला माणूस ब्रशकडे आणि बॅटरीकडे बघतो. ज्याने ते रोज चालवले आहे, तो आधी स्क्विजी उचलून पट्टीची धार बघतो. घासून मोकळा केलेला मळ उचलला जाणार की मागे राहणार, हे तिथेच ठरते.

स्क्विजीत दोन पट्ट्या असतात. पुढच्या पट्टीला खाचा असतात, त्यांतून पाणी आणि हवा आत येते. मागची पट्टी अखंड असते आणि पाणी अडवते. दोघींच्या मधल्या फटीत हवा वेगाने धावते आणि पाणी घेऊन नळीत चढते. मागची पट्टी चालताना थोडीशी मागे वाकली पाहिजे. ती कमी वाकली तर धार लादीला नीट टेकत नाही, जास्त वाकली तर पट्टीची कूस घासते आणि पाण्याचे पट्टे मागे उरतात. हा कोन काही अंशांचा असतो. तो टिकवण्यासाठी स्क्विजीला लहान चाके आणि उंची बदलायचे स्क्रू दिलेले असतात.

तिचा आकारही विचारपूर्वक ठरला आहे. सरळ पट्टी पाणी पुढे ढकलत नेते. कमानीसारखी वळवलेली पट्टी ते आपोआप मध्याकडे, म्हणजे सक्शनच्या तोंडाकडे आणते. ती ब्रशपेक्षा रुंद ठेवावी लागते. तरीही यंत्र वळले, की मागे घट्ट बसवलेली स्क्विजी ब्रशच्या वाटेबाहेर फेकली जाते आणि प्रत्येक वळणावर पाण्याची एक ओली कमान उरते. लोक घसरतात ते बहुधा अशा वळणांवरच. स्क्विजी ब्रशच्या जवळ आणणे आणि एका खिळीवर डावी-उजवीकडे फिरती ठेवणे, हा त्यावरचा उपाय आहे. खांबाला आदळली तर मोडण्याऐवजी सुटून येईल असा जोडही आता देतात.

रबर झिजते, हे तर ठरलेलेच. पट्टी आयताकृती असल्यामुळे ती उलटसुलट करून तिच्या चारही धारा वापरता येतात. तेलकट कारखान्यात साधे रबर फुगते, तिथे पॉलियुरेथेन लागते. पण चार धारा असून उपयोग काय, जर पट्टी फिरवायला दहा-बारा स्क्रू काढावे लागत असतील? कामाच्या गडबडीत पाना शोधायला कोणाला वेळ असतो? मग एकाच झिजलेल्या धारेवर महिनोन्‌महिने काम चालते आणि यंत्रामागून एक माणूस वायपर घेऊन फिरतो. हाताने उघडणाऱ्या खिटीने पट्टी बदलता येणे ही दिसायला किरकोळ सुधारणा आहे. फलाट कोरडा राहण्याच्या दृष्टीने मला ती अधिक ताकदीच्या मोटरपेक्षा मोलाची वाटते.

टाकी, आवाज आणि बॅटरी

उचललेले पाणी टाकीत पोचल्यावर हवेपासून सुटे व्हावे लागते. साबणाचा फेस झाला, तर तो सक्शन मोटरमध्ये शिरून तिला खराब करतो. म्हणून आत आडभिंती असतात आणि पाणी वर आले की हवेची वाट बंद करणारा तरंगता गोळा असतो. या टाक्या पॉलिथिलीनच्या, साचा फिरवत घडवलेल्या असतात. त्या गंजत नाहीत. पण तोंड अरुंद आणि आत खाचाखोचा असतील, तर तळाशी गाळ बसतो, त्यात जंतू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करताच वास सुटतो. रुग्णालयात हा दोष अक्षम्य आहे. आत हात घालता येईल असे रुंद तोंड, गोलसर कोपरे, पूर्ण कलती होणारी टाकी आणि जाड पाणीनळी या सुधारणा जाहिरातीत मागे पडतात. खरेदीत त्या पुढे असायला हव्यात.

आवाजाचेही तसेच. डेसिबलमध्ये १० ची घट झाली, की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. हवेचा मार्ग वळवून आणि मोटरभोवती फोम बसवून आवाज खाली आणला, तर सफाई मध्यरात्रीऐवजी दिवसा करता येते. त्याने कामगाराची पाळी बदलते, त्याचे घरी जाणे सुरक्षित होते.

शिशाच्या बॅटऱ्यांना पूर्ण रात्र चार्जिंग लागते, साध्या प्रकारात वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो म्हणून खोली हवेशीर लागते. लिथियम बॅटरी मधल्या सुट्टीतही चार्ज करता येते आणि हलकी असते. पण शिशाच्या वजनाने चाकांना पकड मिळत होती. ते वजन गेल्यावर यंत्राचा समतोल पुन्हा नव्याने बसवावा लागतो.

चालवणारा माणूस

या क्षेत्रातला एक थोर शोध सफाई कामगाराचाच आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानाच्या इमारतीत सफाईचे काम करत. त्यांना दमा होता, झाडताना उडणारी धूळ सोसत नसे. त्यांनी पंख्याची मोटर, फिरता ब्रश आणि धूळ धरायला उशीचा अभ्रा जोडून हलके यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि ते हक्क हूव्हर कुटुंबाने घेतले. बूथ यांच्या यंत्राला घोडे लागत. स्पँगलर यांचे यंत्र एका माणसाला पेलत होते, कारण ते ज्याला वापरायचे होते त्यानेच रचले होते.

आपल्याकडे आलेली बरीच यंत्रे युरोपीय शरीरमानावर बेतलेली आहेत. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. हँडल खालीवर होत नसेल, तर तिला दिवसभर खांदे उचलून यंत्र रेटावे लागते आणि वाहनासारख्या यंत्रावर पाय पेडलपर्यंत नीट पोचत नाहीत. भारतीय शरीरमापांचा आधार नाही अशी सबब आता चालणार नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरचा ग्रंथ १९९७ मध्येच प्रसिद्ध केला आहे. पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचे केंद्र १९६९ पासून आहे. पावसाळ्यातली चिखलाची रेती, वरखाली शहाबादी, क्षारयुक्त पाण्याने तुंबणारे व्हॉल्व्ह आणि साडी किंवा सलवार-कमीज घालून यंत्र चालवणारी स्त्री, एवढ्या अटी समोर ठेवून इथे यंत्र घडवता येईल.

आता स्वतः चालणारी यंत्रेही आली आहेत. २०१८ मध्ये वॉलमार्टने आपल्या दुकानांत अशी ३६० यंत्रे आणण्याचे जाहीर केले. ती वाट शोधतात, अडथळा टाळतात. पण त्यांच्याही मागे तीच स्क्विजी असते आणि त्यांचीही टाकी माणसालाच धुवावी लागते.

म्हणून नगरपालिका, रुग्णालये आणि स्थानके यांच्या निविदांत काही साध्या अटी असाव्यात असे मला कळकळीने वाटते. यंत्राची चाचणी दालनात नव्हे, तर भर पावसाळ्यात प्रत्यक्ष जागेवर व्हावी. वळणावर किती पाणी उरते ते मोजावे. पट्टी अवजाराविना बदलता यावी. टाकी रिकामी करून धुवायला किती मिनिटे लागतात याची नोंद व्हावी. हँडलची उंची ते धरणाऱ्या बाईच्या मापाला बसावी. आणि ही चाचणी त्या जागी रोज राबणाऱ्या सफाई कामगारांनी करावी, त्यांच्या लेखी मताला खरेदी समितीत दरपत्रकाइतकेच वजन असावे. मळ उचलण्याचे शास्त्र सव्वाशे वर्षांत खूप पुढे गेले आहे. ते ज्यांच्या अंगावर रोजचे काम म्हणून पडते, त्यांचा अधिकार त्यात धरला, तर पुढची सुधारणा आपल्याकडूनही होईल.