परदेशी मायटर सॉला पातं निवडताना

खामगाव, मलकापूर किंवा चिखलीच्या फर्निचर कारखान्यात परदेशी बनावटीच्या मायटर सॉचं पातं झिजलं, की ‘त्याच कंपनीचं मागवा’ हा सल्ला हमखास मिळतो. पण यंत्राला कंपनीचं नाव कळत नाही, मापं कळतात. 10 इंची पात्याचं मधलं भोक युरोपीय यंत्रांत बहुधा 30 मिमी, अमेरिकी यंत्रांत 15.88 मिमी असतं. आपल्या बाजारात 25.4 मिमीचं पातं सर्रास मिळतं. ते अमेरिकी यंत्राला अचूक मापाची रिंग घालून बसतं, युरोपीय यंत्राला बसतच नाही. भोक घासून मोठं करू नये. मध्य जरा सरकला तरी पातं थरथरतं. पात्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा.

मापं जुळली की दाते पाहावेत. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते. कार्बाइडचे दातेच घ्यावेत. चौकटीच्या 45 अंशांच्या स्वच्छ जोडासाठी 60 ते 80 दाते हवेत, आणि त्यांचा कल शून्य अंशाजवळ किंवा किंचित मागे असावा. पुढे झुकलेले दाते लाकूड ओढून घेतात. असं पातं महाग पडतं, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याला डायमंड चाकावर पुन्हा धार लावता येते. स्वस्त पात्याचे दाते बहुधा इतके पातळ असतात, की धार लावायला काही उरत नाही. म्हणून किंमत पहिल्या खरेदीवर नव्हे, एकूण कापणीवर मोजावी.