अर्ध्या गुणाची किंमत

पलूसच्या शेजारी किर्लोस्करवाडी, आणि तासाभराच्या वाटेवर सांगली. एकीकडे यंत्रांचे गाव, दुसरीकडे बुद्धिबळाचे माहेरघर! भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात आयुष्यभर मुलांना पटाशी बसविले. १९९१ ची आशियाई विजेती भाग्यश्री साठे-ठिपसे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या याच सांगलीच्या. तेव्हा या मुलखातल्या घराघरांत पट मांडलेला दिसला तर नवल नाही.

नवल वाटते ते पालकांचे. मुलांच्या स्पर्धेत फेरी संपते, पोर बाहेर येते आणि दारातच प्रश्न येतो, "जिंकलास ना?" "नाही, बरोबरी झाली," एवढे ऐकताच चेहरा उतरतो. जणू पोराने शाईची दौतच सांडली!

पण वाचकहो, बरोबरी म्हणजे नेहमीच अर्धवट राहिलेला विजय नव्हे. एक उदाहरण घ्या. प्रतिपक्षाकडे राजा, उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतले प्यादे आहे; तुमच्या मुलाकडे नुसता राजा. डाव गेला असेच कुणीही म्हणेल. परंतु ते प्यादे ज्या कोपऱ्यात वजीर व्हायचे, ते घर उंटाच्या रंगाचे नसेल आणि आपला राजा तिथे आधी पोचला, तर त्याला कुणी हुसकावू शकत नाही. शह नाही आणि हलायला घरही नाही, अशी अवस्था आली की डाव बरोबरीत सुटतो. सर्वस्व गमावलेल्या पोराने हे घर वीस खेळ्या आधी हेरले असेल, तर त्याचा अर्धा गुण कष्टाचा आहे.

दुसरी बरोबरी मात्र निराळी. दहा-बारा खेळ्या होतात न होतात तोच दोघे हात मिळवतात. तो सलोखा नव्हे, ती धास्ती! तिचे कौतुक नको.

जुलै २०२५ मध्ये बाटुमीला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीशी मुख्य दोन्ही डाव बरोबरीत सोडविले. त्यानंतरच्या जलद डावांतला पहिलाही बरोबरीत सुटला. दुसरा तिने जिंकला आणि चषक नेला. आधीच्या तीन अर्ध्या गुणांवाचून हा शेवटचा डाव आलाच नसता.

म्हणून, पोर बाहेर आले की "जिंकलास ना?" असे विचारू नका. "बस, डाव मांडून दाखव," म्हणा. बरोबरी कोणत्या जातीची, हे पट आपण होऊन सांगेल.