विश्लेषण : ‘वरच्या’ संघाचं नाव घ्यायचं नाही! ओहायो स्टेट-मिशिगन सामन्यासाठी वसईकराने रात्र का जागवावी?

शनिवारी, २९ नोव्हेंबरला अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावात भर दुपारी १२ वाजता मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ समोरासमोर येतील. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि मैदानाची क्षमता १ लाख ७ हजार ६०१. म्हणजे जवळजवळ अख्खे गाव मावेल एवढे मैदान, किंवा तीन वानखेडे. निःपक्षपाती विश्लेषण हवे असलेल्यांनी इथेच पान उलटावे. प्रस्तुत लेखकाचा भाचा ॲन आर्बरमध्ये शिकतो, त्यामुळे आमच्या घरात निळा आणि मक्याचा पिवळा हे दोनच रंग शुभ मानले जातात.

कॉलेजच्या सामन्याला एवढे महत्त्व का?

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे खेळणारी मुले, त्यांचे चार मित्र आणि सावलीत खुर्ची टाकून बसलेले क्रीडा शिक्षक. अमेरिकेत तसे नाही. तिथे अनेक राज्यांत व्यावसायिक संघापेक्षा विद्यापीठाचा संघ अधिक आपला वाटतो. बाप तिथे शिकलेला, आजोबा तिथे शिकलेले, आणि जे कुणी शिकलेच नाही तेही राज्याचा संघ म्हणून छातीठोकपणे आपलाच म्हणणारे. मराठी मुलखात याच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर कोल्हापूरला जावे लागेल. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ भिडले की पेठाच्या पेठा दोन रंगांत वाटल्या जातात. तोच मामला, फक्त पेठेच्या जागी अख्खे राज्य.

हे दोन संघ पहिल्यांदा १८९७ मध्ये भेटले. तो सामना मिशिगनने ३४-० असा जिंकला होता. १९१८ पासून दरवर्षी सामना होतो. खंड पडला तो फक्त २०२० मध्ये, करोनामुळे. २०२४ पर्यंतचा हिशेब मिशिगनचे ६२ विजय, ओहायोचे ५१ आणि सहा बरोबरीत. ओहायोवाले या आकड्यावर वाद घालतील, कारण त्यांचा २०१० चा एक विजय कागदावरून पुसला गेला आहे. ती कथा पुढे येईल, आणि ती सांगताना मला अजिबात वाईट वाटणार नाही.

मुळात भांडण कशावरून?

हद्दीवरून. वसई-विरारच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावे मिळून महापालिका झाली आणि २९ गावे आत की बाहेर हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, तरी ‘जिल्हा?’ असे विचारल्यावर ‘ठाणे’ असे उत्तर देणारी ज्येष्ठ मंडळी आजही भेटतात. रेघ कुठे ओढली यावर माणसे किती काळ रुसून बसू शकतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

तिकडची रेघ टोलेडो या गावाजवळची. जुन्या नकाशातील चुकीमुळे सुमारे १,२०० चौरस किलोमीटरच्या एका पट्ट्यावर ओहायो आणि मिशिगन दोघेही हक्क सांगत होते. १८३५ मध्ये दोन्ही बाजूंनी सशस्त्र माणसे जमवली. इतिहासात याची नोंद ‘टोलेडो युद्ध’ अशी असली तरी रक्त सांडले ते एकदाच. अटक करायला आलेल्या मिशिगनच्या एका उपशेरीफला ओहायोच्या बाजूच्या एका तरुणाने खिशातला चाकू मारला. तो अंमलदार वाचला. चाकू मारणाऱ्याचे नाव होते टू स्टिकनी. टू, म्हणजे दोन. त्याच्या थोरल्या भावाचे नाव वन. वडिलांनी मुलांची नावेच हजेरीपटासारखी ठेवली होती. मी हे रचून सांगत नाही.

शेवटी वॉशिंग्टनने टोलेडो ओहायोला दिले आणि मिशिगनची समजूत काढण्यासाठी उत्तरेकडच्या जंगली द्वीपकल्पाचा मोठा तुकडा त्यांच्या पदरात टाकला. २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगनला राज्याचा दर्जा मिळाला. त्या वेळी हा घाट्याचा सौदा समजला गेला. काही वर्षांतच त्या जंगलात तांबे आणि लोखंडाचे प्रचंड साठे सापडले. तरीही मिशिगनवाल्यांना विचारा, टोलेडोचा विषय निघाला की चेहरा पडतोच.

खेळ कळत नसेल तर?

कबड्डी डोळ्यांसमोर ठेवा. एका बाजूचे ११ जण चेंडू घेऊन समोरच्यांच्या हद्दीत घुसू पाहतात, समोरचे ११ जण त्यांना पाडतात. १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. सरकलात की पुन्हा चार मिळतात, नाही तर चेंडू गेला. त्यामुळे चौथ्या प्रयत्नाला बहुतेक वेळा चेंडू लाथेने दूर भिरकावून देतात. शेवटची रेघ ओलांडली की टचडाऊन, सहा गुण. चेंडू कुणाला द्यायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक. एवढ्यावर सामना बघता येतो. बाकीचे नियम मला भाच्याने तीनदा सांगितले आहेत.

द्वेषाचे शिष्टाचार काय?

ओहायो स्टेटच्या आवारात सामन्याच्या आठवड्यात पाट्यांवरच्या ‘एम’ या इंग्रजी अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारली जाते. इमारतींची नावे, दिशादर्शक फलक, काहीही सुटत नाही. मिशिगन हे नावही घ्यायचे नाही. ‘तो वरचा संघ’ म्हणायचे, नकाशात वर आहे म्हणून. जुन्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, त्यातलाच प्रकार. फक्त भावना उलटी.

या शिष्टाचारांचे कुलगुरू म्हणजे वुडी हेज. १९५१ पासून १९७८ पर्यंत ते ओहायोचे प्रशिक्षक होते. मिशिगनमध्ये पेट्रोल भरून त्या राज्याला एक पैसाही कर द्यायचा नाही म्हणून गाडी ढकलत हद्दीपार नेऊ, असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. १९६८ मध्ये संघ ५०-१४ असा पुढे असताना त्यांनी साध्या एका जादा गुणाऐवजी दोन गुणांचा प्रयत्न करायला लावला. का, असे विचारल्यावर तिनाची सोय नव्हती म्हणून, असे उत्तर दिल्याचे सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांचाच जुना सहायक बो शेम्बेक्लर मिशिगनचा प्रशिक्षक झाला आणि त्याने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या गुरूला २४-१२ असे हरवले. मग दहा वर्षे हे दोघे भिडत राहिले. हिशेब बोचे पाच, वुडीचे चार, एक बरोबरीत.

आणि सोन्याची पँट. मिशिगनला हरवले की ओहायोच्या प्रत्येक खेळाडूला बोटाच्या पेराएवढी सोनेरी पँट मिळते. १९३४ मध्ये त्यांचे प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट म्हणाले होते की, मिशिगनवालेही आपल्यासारखीच एकेक पाय घालून पँट चढवतात. तेव्हापासूनची ही प्रथा. काही खेळाडूंनी अशा पँटी, अंगठ्या वगैरे एका टॅटूवाल्याच्या नादाने विकल्या, मोबदल्यात टॅटूही काढून घेतले. तेव्हाच्या नियमांनुसार विद्यार्थी खेळाडूला असा पैसा घेण्यास बंदी होती. प्रकरण उघड झाले आणि ओहायोचे २०१० च्या हंगामातले विजय रद्द झाले, मिशिगनविरुद्धचाही. पँटीपायी विजय गेला.

यंदा पणाला काय लागले आहे?

ओहायो स्टेट गतविजेता आहे. या हंगामात ११ पैकी ११ सामने जिंकून देशात पहिल्या क्रमांकावर, आणि सर्वांत कमी गुण देणारा बचाव त्यांचाच. मिशिगन ९ जिंकून २ हरलेले. ओक्लाहोमाने आणि यूएससीने त्यांना नमवले. कागदावर तुलनाच नाही.

पण गेले चार सामने मिशिगनने जिंकले आहेत. २०२१ ला ४२-२७, २०२२ ला ४५-२३, २०२३ ला ३०-२४ आणि गेल्या वर्षी १३-१०. गेल्या वर्षीचा तर कहरच. मिशिगनचा संघ सामान्य, ११ पैकी पाच सामने हरून कोलंबसला गेलेला. ओहायो दुसऱ्या क्रमांकावर, स्वतःच्या मैदानात, आणि जाणकारांच्या मते २० गुणांनी जिंकणारा. हरला. सामन्यानंतर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला आणि दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलरचा दंड झाला. हे मात्र गमतीत घेण्यासारखे नव्हते. विद्यापीठाच्या मुलांवर पोलिसांनी फवारा मारावा लागणे यात मर्दुमकी कुणाचीच नाही, आमच्या संघाचीही नाही.

ओहायोचे प्रशिक्षक रायन डे यांचा या सामन्यातला २०२४ पर्यंतचा हिशेब पाचपैकी एक असा होता. तो एकमेव विजय २०१९ चा. म्हणजे २०२१ मध्ये कॉलेजात आलेला आणि चार वर्षे खेळून बाहेर पडलेला ओहायोचा खेळाडू एकही सोन्याची पँट न घेता घरी गेला. त्यांच्या बाजूने विचार केला तर हे बोचणारे आहे. मी त्यांच्या बाजूने फार वेळ विचार करत नाही.

हरूनही विजेतेपद मिळते, मग सामन्याला अर्थ काय?

खरा प्रश्न हा आहे. पूर्वी या सामन्यात हरलात की हंगामाचा बहुधा निकाल लागायचा. गेल्या वर्षीपासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत चारऐवजी १२ संघ घेतले जातात. ओहायो मिशिगनशी हरला, तरी आत राहिला, आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ असे हरवून विजेता ठरला. यंदाही शनिवारी हरला तरी तो बाद फेरीत असणारच. मिशिगनला मात्र जिंकल्याशिवाय आशा नाही.

त्यात पैसा आला आहे. ज्या खेळात दशकानुदशके खेळाडूने टॅटू घेतला तरी शिक्षा होत होती, तिथे या जुलैपासून न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना उघडपणे पैसे देऊ शकतात. एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, म्हणजे १८० कोटी रुपयांच्या आसपास. मिशिगनचा क्वार्टरबॅक ब्राइस अंडरवूड १८ वर्षांचा आहे आणि त्याच्याशी झालेला करार एक कोटी डॉलरच्या वरचा असल्याच्या बातम्या आहेत. तो निदान ॲन आर्बरच्या शेजारच्या बेलव्हिलचा. ओहायोचा क्वार्टरबॅक ज्युलियन सायिन कॅलिफोर्नियाचा, आधी अलाबामा विद्यापीठात दाखल झालेला. त्यांचा सर्वांत धोकादायक खेळाडू जेरेमाया स्मिथ फ्लोरिडाचा. विद्यापीठ बदलणे आता लोकल बदलण्याइतके सोपे झाले आहे. मुलांना कष्टाचे पैसे मिळाले हे योग्यच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टोलेडो कुठे आहे हे ज्याला गुगलवर शोधावे लागते, त्याने टोलेडोचा राग कसा धरावा?

यावर गेल्या वर्षीचा ओहायो हेच उत्तर आहे. विजेतेपद मिळाले, मिरवणुका झाल्या, तरी ‘पण मिशिगन?’ हा प्रश्न डे यांची पाठ सोडत नाही. गेल्या वर्षीच्या सामन्याआधी तेच म्हणाले होते की वडील गमावण्यासारखे काही प्रसंग सोडले, तर या सामन्यातल्या पराभवाइतके वाईट त्यांच्या कुटुंबाला काही सोसावे लागलेले नाही. खेळाडू येतात-जातात, राग गॅलरीत बसलेला असतो. विरार लोकलमध्ये चढलेल्या बोरिवलीकराकडे बघण्याची नजर जशी डब्यात बसलेल्यांनी शिकवावी लागत नाही, तसेच ते. नवा माणूस दोन दिवसांत आपोआप तसे बघू लागतो.

मराठी घरांत काय चालते?

हा सामना थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारनंतरच्या शनिवारी येतो, सुट्टीत. त्यामुळे घरे भरलेली असतात. डेट्रॉईट परिसरात मराठी वस्ती जुनी, तिथे महाराष्ट्र मंडळही आहे. कोलंबसही मराठी माणसांना परके नाही. दोन गावांत अंतर साधारण तीनशे किलोमीटर. एक भाऊ इकडे, एक बहीण तिकडे, असे होतेच. आईवडिलांना खेळ अर्धा कळतो, पण मुलगा कुठल्या रंगाचा आहे हे पक्के कळते. वसईत वाढलेल्याला यात नवल वाटू नये. नाताळच्या सुट्टीत गावच्या मैदानावरच्या सामन्यात आपण कुणाकडून ओरडायचे हे जन्माने ठरलेले असते. परदेशात ते ठरलेले नसते. शोधून घ्यावे लागते, आणि ज्या पोराने एका डिसेंबरात थंडीत कुडकुडत कुणासाठी तरी घसा बसवला, तो त्या गावाचा झाला. भाचा पहिल्या वर्षी फोनवर ‘त्यांची टीम’ म्हणायचा. दुसऱ्या वर्षी ‘आम्ही’ म्हणू लागला. त्याच्या आईने ते ऐकले, काही बोलली नाही, आणि नंतर मला म्हणाली, ‘‘आता हा परत यायचा नाही रे दादा.’’

निकाल काय लागेल?

शनिवारी ॲन आर्बरला बर्फाची शक्यता आहे, आणि बर्फ हा दुबळ्याचा मित्र. १९५० मध्ये कोलंबसला हिमवादळात हा सामना झाला. मिशिगनला एकदाही चार प्रयत्नांत १० यार्ड सरकता आले नाही, एकही पास पूर्ण झाला नाही, त्यांनी २४ वेळा चेंडू लाथाडून दूर धाडला आणि ९-३ असा सामना जिंकला. ओहायोच्या प्रशिक्षकाने राजीनामा दिला, त्या जागी वुडी हेज आले.

डोके सांगते, ओहायो दोन टचडाऊनने. डोक्याला विचारले कुणी? मिशिगन १७, ओहायो स्टेट १६. सामना साडेतीन तास चालतो, म्हणजे संपेल तेव्हा दोन वाजून गेलेले असतील. रविवारी सकाळच्या मिस्साला किंवा बाजाराला जाणाऱ्यांनी चहा थर्मासमध्ये भरून ठेवावा. आणि कुणी विचारलेच, तर आपण त्या ‘खालच्या’ संघाचे नाव घेतलेले नाही.